चाल वाक्यातच असते: गिटारवर स्वतःची मराठी गाणी करणाऱ्यांसाठी

गिटारवर चार-पाच कॉर्ड बसले, आवाज बरा आहे, आणि आता स्वतःचं मराठी गाणं करायचं आहे, अशा टप्प्यावर असलेल्यांसाठी हा लेख आहे. या टप्प्यावर जवळजवळ सगळ्यांना एकच अडचण येते. हात सवयीचा इंग्रजी किंवा हिंदी ठोका वाजवतो आणि त्यात मराठी शब्द कोंबले जातात. शब्द मराठी असतात, गाणं मात्र कुठलंच राहत नाही. माझं ठाम मत असं, की मराठी गाण्याची चाल मराठी वाक्यात आधीच असते. ती ऐकायला शिकणं हे पहिलं काम. गिटार, मायक्रोफोन, करार, मानधन हे सगळं त्यानंतर येतं, पण त्यातलं काहीही टाळता येत नाही. म्हणून शेवटपर्यंतचा रस्ता क्रमाने सांगतो.

आधी कान

लिहायला बसण्याआधी काही आठवडे फक्त ऐका. 'पारी'च्या म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यातल्या पुष्कळ ओव्यांचं ध्वनिमुद्रणही तिथे ऐकायला मिळतं. गाणाऱ्या बाईचं आणि गावाचं नाव सोबत असतं. ऐकताना अर्थ बाजूला ठेवा आणि ती श्वास कुठे घेते, कुठलं अक्षर ओढते, कुठे 'गं बाई' घालून जागा भरते हे वहीत टिपा. 'गं', 'रे', 'बाई', 'सांगते तुला' हे शब्द वरवर भरतीचे वाटतात, पण त्यांच्यामुळे ओळ लवचीक राहते. जात्याचा फेरा ठरलेला आणि सांगायचं वाक्य कधी लांब, कधी आखूड. ते मापात बसवण्याचं काम हे शब्द करतात. समजा, आजची एखादी आई जात्यावर बसली असती, तर तिची ओवी अशी झाली असती:

सांगते बाई तुला, लेकीचा फोन लागेना
दिवा लागला घरोघरी, माझ्या जिवाला चैन येईना

पहिल्या ओळीतलं 'सांगते बाई तुला' काढून पाहा. माहिती तेवढीच राहते, गाणं जातं.

दुसरं ऐकणं तुमच्या आजूबाजूचं. गावातली काकड आरती, गोंधळ्यांचं संबळ, वासुदेव, कोकणातलं जाखडीचं गाणं, खानदेशातली कानबाईची गाणी, विदर्भातली भुलाबाईची, गोव्यातले धालो. तुमच्या घराच्या जवळ जे असेल त्यापासून सुरुवात करा, कारण त्याची बोली तुमच्या तोंडात आधीच आहे. सांगलीच्या मुलाने मालवणी गाणं करू नये असं नाही, पण पहिलं गाणं घरच्या बोलीतलं असावं.

कुमार गंधर्वांचं उदाहरण इथे फार मोलाचं आहे. क्षयरोगामुळे ते १९४८ च्या सुमारास देवासला राहायला गेले आणि काही वर्षं गाणं बंद होतं. त्या काळात कानावर पडणारी माळव्याची लोकगीतं त्यांनी इतक्या बारकाईने ऐकली, की पुढे त्या धुनांतून त्यांनी नवे राग उभे केले. इतक्या मोठ्या गवयाने लोकगीतापुढे विद्यार्थी म्हणून बसावं, ही गोष्ट मला आजही बळ देते.

अक्षरं मोजा

आता लिहायला घ्या. पहिल्या गाण्यासाठी मोकळा छंद निवडू नका. ठरलेलं माप घेतलं की निम्मे निर्णय आपोआप होतात. माझी शिफारस मोठ्या अभंगाची. चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. छोटा अभंग आठ-आठ अक्षरांच्या दोन चरणांचा असतो, तोही चालेल. पण मोठ्या अभंगातला तो आखूड चौथा चरण गाणाऱ्याला विसावा देतो, म्हणून मला तो अधिक प्रिय आहे.

विषय साधा घ्या. आपण एसटी स्टँड घेऊ, शेवटची गाडी निघून गेल्यानंतरचा. पहिला खर्डा असा येतो:

शेवटची गाडी सुटून गेलेली
पाटी विझलेली फलाटाची

अक्षरं मोजा: शे-व-ट-ची-गा-डी, सु-टू-न-गे-ले-ली, पा-टी-वि-झ-ले-ली, फ-ला-टा-ची. माप बरोबर आहे. तरी ओळ बसकी आहे, आणि त्याचं कारण यमक. मराठीत क्रियापदांची रूपं आणि विभक्तीचे प्रत्यय एकमेकांशी फुकट जुळतात. गेलेली-विझलेली, घराची-दाराची, येताना-जाताना. असं यमक कानाला लागतं पण मनाला काही देत नाही, कारण ते शोधावं लागलेलं नसतं. मूळ शब्दांचं यमक शोधा. एसटीच्या जगातले शब्द एका पानावर काढा: घाट, फलाट, कट्टा, पाटी, तिकीट, गाठोडं, हमाल, कंडक्टर, चौकशी. दोन शब्द लगेच एकमेकांकडे बघायला लागतात:

शेवटची गाडी चढताच घाट
विझला फलाट आपसूक

कट्ट्यावर कुणी बांधतं गाठोडं
उरलेलं थोडं पीठमीठ

पहिल्या खर्ड्यात नुसती माहिती होती. आता गाडी घाट चढली आणि त्यामुळे फलाट विझला, असा कार्यकारणाचा धागा आला. तो यमक शोधताना सापडला, आधी सुचलेला नव्हता. यमकाकडे मी सजावट म्हणून बघत नाही ते याचमुळे. नीट शोधलं तर ते गाण्याला पुढची गोष्ट सांगतं.

इथे एक बारीक मुद्दा, ज्यावर मराठी गाणी हमखास अडखळतात. बोलताना आपण 'घर' म्हणतो तेव्हा शेवटचा 'र' अर्धाच असतो. एकच ठोका. छंदात मात्र 'घ' आणि 'र' ही दोन अक्षरं मोजली जातात आणि गाताना 'र' पूर्ण उघडतो. 'विझला फलाट' यातला 'ट' तुम्ही बोलल्यासारखा तोडणार की अभंगासारखा उघडणार? दोन्ही चालतं. बोलल्यासारखा तोडलात तर गाणं गप्पांच्या जवळ जातं, उघडलात तर भजनाच्या जवळ. एका गाण्यात मात्र एकच रीत ठेवा. अर्ध्या ओळी अशा आणि अर्ध्या तशा झाल्या की ऐकणाऱ्याला काहीतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही.

धृपद शोधण्यासाठी एक कसोटी वापरा: ती ओळ एखाद्या माणसाने खरोखर कुणाला म्हटली असती का? एसटी स्टँडवर मध्यरात्री अडकलेला माणूस 'हा प्रवास अनंत आहे' असं म्हणत नाही. तो विचारतो, 'पहिली गाडी कितीला?' हेच धृपद. पहिल्या कडव्यानंतर तो नुसता चौकशीचा प्रश्न असतो. गाठोड्याच्या कडव्यानंतर तोच प्रश्न गाव सोडून निघालेल्या माणसाचा होतो. शब्द बदलले नाहीत, अर्थ सरकला. कडवी अशी लिहा, की धृपद दर वेळी थोडं वेगळं ऐकू येईल. तीन कडवी पुरतात. चौथं लिहा, पण गाऊ नका. बहुतेक वेळा चौथ्यातली एखादी ओळ पहिल्या कडव्यात हवी असते.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. कामं करता करता त्यांनी रचलेलं घरातल्यांनी टिपून ठेवलं म्हणून आपल्यापर्यंत पोचलं. आपल्या खिशात आज फोन आहे. स्वयंपाक करताना, बसमध्ये उभं असताना ओळ आली की गुणगुणून रेकॉर्ड करा, आणि त्या तुकड्याला तारखेऐवजी ओळीचे पहिले शब्द नाव म्हणून द्या. तारखांच्या यादीतून सहा महिन्यांनी काहीही सापडत नाही.

चाल: गिटार बाजूला ठेवून

ओळ मोठ्याने म्हणा. गाऊ नका, म्हणा, जसं समोरच्याला सांगाल तसं. 'पहिली गाडी कितीला?' यात आवाज कुठे चढतो? बहुतेकांचा 'कितीला'मधल्या 'ती'वर. ते रेकॉर्ड करा, पुन्हा पुन्हा ऐका आणि मग त्या चढ-उताराला हळूहळू सूर द्या. वाक्यातली चाल म्हणतो ती हीच. प्रश्नाची ओळ वर सुटते, हताशपणाची ओळ खाली येते, आणि बोलीप्रमाणे हे बदलतं. कोल्हापूरकराचा प्रश्न आणि मालवणी माणसाचा प्रश्न एकाच सुरावर संपत नाहीत.

त्यानंतर समेचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचा विचार. मराठीत वजन साधारणपणे दीर्घ अक्षरावर पडतं. 'मला घरी जायचंय' ही ओळ गिटारच्या पहिल्या ठोक्यावर 'म'पासून सुरू केलीत, तर 'म' उगाच जड होतो आणि ओळ परकी वाटते. 'म' समेच्या आधी घ्या आणि 'ला' समेवर आणा. एवढ्याने गाणं मराठी वाटायला लागतं. प्रत्येक ओळीसाठी हे तपासा: समेवर कुठलं अक्षर येतंय? तिथे 'च', 'पण', 'की' अशी अक्षरं बसली असतील तर ओळ पुढे-मागे सरकवा.

आता गिटार हातात घ्या. आपल्या बहुतेक लोकधुनांत एकच षड्ज, म्हणजे 'सा', शेवटपर्यंत धरलेला असतो. तुणतुणं किंवा एकतारी तेवढंच करते. अशा धुनेखाली दर मात्रेला कॉर्ड बदलला, तर धून त्या कॉर्डांच्या मागे फरफटत जाते. कमी कॉर्ड वापरा आणि एखादी मोकळी तार सतत वाजती ठेवा. यासाठी डी-ए-डी-जी-ए-डी ही तारांची जुळणी फार उपयोगी आहे. ब्रिटनच्या लोकसंगीतात १९६० च्या दशकात डेव्ही ग्रॅहम यांच्यामुळे ती रूढ झाली. डी हा षड्ज धरला तर मोकळ्या तारा जाड बाजूकडून सा-प-सा-म-प-सा अशा लागतात. यात गंधार, म्हणजे 'ग', नाहीच. त्यामुळे मेजर की मायनर हा प्रश्न गिटार तुमच्यावर लादत नाही. गंधार शुद्ध घ्यायचा की कोमल हे गळा ठरवतो. भैरवीच्या अंगाच्या चालीला हे विशेष शोभतं. ही जुळणी हाताला बसायला वेळ लागतो, पण मराठी गाण्यांसाठी गिटारवाल्याने शिकावी अशी एकच गोष्ट विचाराल, तर मी हीच सांगेन.

पट्टी गळ्याप्रमाणे ठरवा, हाताच्या सोयीप्रमाणे नको. पुष्कळ पुरुष काळी एक (पेटीवरची पहिली काळी पट्टी, म्हणजे सी शार्प) ते काळी दोनमध्ये मोकळे गातात, पुष्कळ स्त्रिया काळी चार-काळी पाचमध्ये. साध्या जुळणीत काळी चारसाठी जी (G) पट्टीतल्या कॉर्डांचे आकार आणि कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर. काळी पाचसाठी एचे आकार, कॅपो पहिल्यावर. काळी एकसाठी सीचे आकार आणि कॅपो पहिल्यावर, किंवा एचे आकार आणि कॅपो चौथ्यावर. डी-ए-डी-जी-ए-डीमध्ये कॅपोशिवाय पांढरी दोन मिळते, पहिल्या फ्रेटवर काळी दोन. धृपदाचा सर्वांत वरचा सूर थकलेल्या आवाजातही लागला पाहिजे. कार्यक्रमाच्या शेवटी तोच गावा लागतो.

ठेक्यासाठी मेट्रोनोमऐवजी टाळ किंवा नुसत्या टाळ्या घ्या. केरवा आणि भजनी ठेका आठ मात्रांचे, दादरा सहांचा. अभंगाची सहा अक्षरं आठ मात्रांत मांडली की दोन मात्रा उरतात. शेवटचं अक्षर ओढा किंवा श्वास घ्या. चार अक्षरांच्या चरणाला तर निम्मं आवर्तन मोकळं मिळतं. तिथे गिटारची एक छोटी जागा येऊ शकते, किंवा काहीच नाही. माझा कल काहीच न वाजवण्याकडे असतो. उजव्या हाताच्या अंगठ्याने समेवर जाड तार घ्या आणि बोटांनी उरलेल्या मात्रा. अंगठा डग्ग्याचं काम करतो, बोटं तबल्याच्या काठाचं, चाटीचं. दादऱ्यात अंगठा-बोट-बोट असे दोनदा.

रोज सकाळी थोडा वेळ खर्ज लावा, खालच्या म्हणजे मंद्र सप्तकात, न ताणता. लिहिणारा गायक आवाजाकडे दुर्लक्ष करतो आणि मग त्याची गाणी त्याच्याच गळ्यात बसत नाहीत.

पारंपरिक ओळ घेताना

कुणा एकाची नाही म्हणून ओळखली जाणारी ओवी किंवा गोंधळाची चाल तुमच्या गाण्यात घ्यायला कायद्याची आडकाठी सहसा नसते. पण ती तुम्हाला ज्या माणसाकडून मिळाली त्याला नाव असतं, गाव असतं. विचारा, नाव द्या, आणि गाण्यातून पैसे आले तर वाटा द्या. गोंधळ, जागरण यांसारख्या गोष्टी कुणाच्या उपजीविकेच्या आणि श्रद्धेच्या आहेत. संबळ पार्श्वभूमीला छान वाटतं म्हणून ऑनलाइन मिळणारा तुकडा चिकटवण्यापेक्षा संबळ वाजवणाऱ्याला बोलवा आणि ठरलेलं मानधन आधी द्या. गाणं त्याच्या येण्याने बदलेल. बदलू द्या.

घरातलं रेकॉर्डिंग

स्टुडिओ परवडत नसेल तर घरी उत्तम काम होतं, कारण या प्रकारच्या गाण्यात एक आवाज, एक गिटार आणि फार तर एखादं तालवाद्य असतं. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर मायक्रोफोन, बंद प्रकारचा हेडफोन आणि संगणक एवढं पुरे. कंडेन्सरला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो, तो इंटरफेसवरच्या बटणाने मिळतो. सॉफ्टवेअरमध्ये ऑडॅसिटी मोफत आहे, मॅकवर गॅरेजबँड. रीपर ६० दिवस वापरून मग विकत घेता येतं.

खोली महत्त्वाची. फरशी आणि मोकळ्या भिंती असलेल्या खोलीत आवाज घुमतो. गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर जाड गोधड्या टांगा, खाली सतरंजी घाला. मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज मायक्रोफोनच्या तोंडात शिरतो, म्हणून गोधडी समोरपेक्षा पाठीमागे अधिक उपयोगी. पंखा बंद, फ्रिज बंद. कुकरच्या शिट्ट्या आणि पाण्याचे पंप टाळायचे तर रात्री उशिरा बसा.

गिटारसाठी मायक्रोफोन भोकासमोर ठेवू नका, तिथे नुसता घुमारा येतो. बाराव्या फ्रेटसमोर साधारण २० ते ३० सेंटिमीटरवर ठेवा, थोडा भोकाकडे वळवून. गाताना तोंडापासून वीतभर अंतर, मध्ये पॉप फिल्टर. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ निवडा. सर्वांत जोरकस जागी पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड झालेलं वाढवता येतं, फाटलेलं दुरुस्त होत नाही. शेवटच्या मास्टरचा, म्हणजे प्रसिद्ध करायच्या पक्क्या फाइलचा, आवाज रेटून वाढवण्यात अर्थ नाही. स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्सच्या (लफ्स हे ऐकू येणाऱ्या आवाजाचं माप) आसपास सगळी गाणी समपातळीत आणतं, म्हणजे रेटलेलं गाणं तिथे पुन्हा खाली ओढलं जातं आणि मधले चढ-उतार मात्र कायमचे गेलेले असतात.

आवाज आणि गिटार वेगवेगळे घ्यायचे की एकत्र? एकत्र. सूर एखाद्या ठिकाणी हलला तरी चालेल. लय जेव्हा शब्दांबरोबर श्वास घेते, तेव्हा ते वेगळं रेकॉर्ड करून जुळवता येत नाही.

पावसाळ्याविषयी थोडं. लाकडी गिटारला ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती याच्या फार वर असते. गिटार पेटीत ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि साधा आर्द्रतामापक. ढोलकी आणि डफाचं कातडं या दिवसांत सैल पडतं. हलगी-डफवाले ते शेकून घेतात, तेवढा वेळ रेकॉर्डिंगच्या वेळापत्रकात धरा.

हक्क, आधी कागदावर

हा भाग कोरडा आहे, पण इथलं अज्ञान सर्वांत महाग पडतं. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीपासून ६० वर्षं. हक्क निर्माण व्हायला नोंदणी सक्तीची नाही, रचना लिहून किंवा रेकॉर्ड करून ठेवली की तो असतो. नोंदणी पुराव्याला उपयोगी पडते.

मित्रासोबत गाणं केलं असेल तर त्याच दिवशी एका ओळीत लिहून ठेवा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती. व्हॉट्सॲपवर 'हो, बरोबर' एवढं उत्तर आलं तरी पुष्कळ. मैत्री आहे म्हणून लिहायचं नाही, असं करू नका. मैत्री टिकावी म्हणूनच लिहायचं.

पुढे कधीतरी एखादं चॅनेल विचारेल: आम्ही व्हिडिओ करतो, प्रसिद्धी देतो, गाण्याचे सर्व हक्क आम्हाला द्या. सही करण्याआधी करारात चार गोष्टी बघा. हक्क किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी, कुठल्या माध्यमांसाठी, आणि मोबदला किती. कायदा सांगतो, की काळ लिहिला नसेल तर तो पाच वर्षं धरला जातो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणूनच अशा करारांत 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगात' हे शब्द मुद्दाम असतात. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा अबाधित ठेवला आहे. तो कंपनीच्या नावे लिहून देता येत नाही. पहिलं गाणं कुणी विचारतंय या आनंदात कायमचे हक्क देऊ नका. ठरावीक वर्षांचा परवाना देतो म्हणा. नकार आला तर येऊ द्या.

इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी म्हणजे आयपीआरएस ही १९६९ मध्ये स्थापन झालेली संस्था गीतकार-संगीतकारांच्या वतीने रेडिओ, टीव्ही, ऑनलाइन सेवा आणि कार्यक्रमांतून रॉयल्टी गोळा करते. पहिलं गाणं प्रसिद्ध झालं की सभासद व्हा आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. नोंद नसलेल्या गाण्याचे पैसे तुमच्यापर्यंत पोचत नाहीत.

प्रसिद्ध करताना

गाणं स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावनवर जातं ते डिस्ट्रिब्युटरमार्फत. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर ही त्यातली नावं. वार्षिक शुल्क, वाटा आणि शुल्क भरणं थांबवलं तर गाणी राहतात की उतरतात, हे तिन्ही बघून निवडा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवा. डिस्ट्रिब्युटर बदलताना तोच क्रमांक दिलात तर जुन्या ऐकणाऱ्यांचे आकडे जुळून राहायला मदत होते.

भाषेच्या रकान्यात मराठी निवडा. शीर्षक देवनागरीत द्या, पण रोमन लिपीत लोक ते कसं टाइप करतील याचाही विचार करा. एकच शब्द माणसं चार प्रकारे लिहितात. एक रूप ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. गीतकार, संगीतकार, वादक यांचे रकाने रिकामे ठेवू नका. ढोलकी वाजवणाऱ्याचं नाव तिथे असणं हे त्याच्या पुढच्या कामासाठी गरजेचं आहे. गाण्याचे शब्द म्युझिक्समॅचवर स्वतः टाका, नाहीतर दुसरा कुणीतरी चुकीचे टाकतो.

प्रसिद्धीच्या तारखेच्या तीन-चार आठवडे आधी गाणं चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर किमान सात दिवस आधी सुचवावं लागतं. पैशांची अपेक्षा जमिनीवर ठेवा. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत एक हजारदा न ऐकलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळतच नाही. यूट्यूबवर पारंपरिक चालीच्या गाण्यावर कधीकधी दुसऱ्याचा कंटेंट आयडी (गाणं ओळखून हक्क सांगणारी यूट्यूबची यंत्रणा) दावा येतो. घाबरू नका, रचना पारंपरिक आहे आणि ध्वनिमुद्रण तुमचं आहे हे लिहून हरकत नोंदवा. तयार लूप, म्हणजे आधीच वाजवून ठेवलेला तुकडा, वापरला असेल तर स्वतः कंटेंट आयडी चालू करू नका, तोच लूप वापरणाऱ्या इतरांवर दावे जातात.

बैठक आणि मानधन

कॅफेमधले ओपन माइक सरावाला चांगले. पण शब्दांवर उभं असलेलं मराठी गाणं चमच्या-कपांच्या आवाजात हरवतं. आपल्याकडे घरगुती बैठकीची जुनी रीत आहे, तीच या गाण्यांची खरी जागा आहे असं मला वाटतं. कुणाच्या तरी दिवाणखान्यात पंचवीस-तीस माणसं, माइक नाही, खाली बसून पाऊण तास. स्वेच्छामूल्याचं पाकीट दाराशी. यजमान शोधायला वाचनालयं, वाचनकट्टे, सोसायटीतली मंडळं यांच्याकडे जा. पुण्यातल्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या प्रेक्षागृहांचं भाडं मोठ्या नाट्यगृहांपेक्षा आवाक्यातलं असतं, बैठकीला जम बसला की तिकडे वळा.

गाण्यांचा क्रम जुळण्यांप्रमाणे लावा. डी-ए-डी-जी-ए-डीमधली गाणी सलग, साध्या जुळणीतली सलग. नाहीतर निम्मा कार्यक्रम तारा जुळवण्यात जातो. निवेदन लिहून तयार ठेवा. गाण्याचा अर्थ सांगू नका, ते कुठे घडलं ते सांगा.

मानधनाची गोष्ट पहिल्याच फोनवर करा. संकोच वाटतो, कारण आपल्याकडे कलाकाराने पैसे काढणं बरं दिसत नाही असं अजूनही मानतात. तरी बोला: मानधन, प्रवास, राहणं, ध्वनियंत्रणा कुणाची, पैसे कधी. ठरलेलं लगेच संदेशाने पाठवा. मोठा आयोजक १० टक्के टीडीएस कापू शकतो, तो विवरणपत्रात दाखवून तुमच्या कराशी जुळवता येतो, म्हणून पॅन आणि बिल तयार ठेवा. खुल्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, हे धरूनच कार्यक्रम आखा.

उत्पन्न एकाच वाटेने येणार नाही. शिकवण्या, दुसऱ्यांच्या कार्यक्रमात साथ, जाहिरातीची किंवा माहितीपटाची धून, नाटकाचं संगीत, आणि परदेशातली महाराष्ट्र मंडळं. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं. तिथे थेट पोचणं नवख्याला कठीण, पण एखाद्या शहरातल्या मंडळासाठी ऑनलाइन बैठक करून ओळख होते. नोकरी करत गाणी करणं यात कमीपणा नाही. नोकरीमुळे वाईट करार नाकारता येतो.

वर्षाची आखणी आपल्या ऋतूंवर आणि सणांवर करा, कारण कार्यक्रम तिथेच असतात. जून ते ऑगस्ट लिहा. वाद्यं दमट, खुले कार्यक्रम कमी, घरात बसणं भाग. नवी गाणी गणपतीच्या दिवसांत सोसायटीच्या मंडपात गाऊन बघा, जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही अशा मंडपात शक्यतो. दिवाळी पहाटचे आयोजक गणपतीच्या आधीच कलाकार ठरवायला लागतात, तेव्हा त्यांना फोन जुलैतच गेला पाहिजे, सोबत दोन गाण्यांचं साधं रेकॉर्डिंग. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, वाद्यं सुरात राहतात. नोव्हेंबर-डिसेंबर रेकॉर्डिंगला द्या आणि गाणी जानेवारी-फेब्रुवारीत एकेक करून सोडा. मार्चमध्ये हिशेब, आयपीआरएसच्या नोंदी, बिलांची वसुली. एप्रिल-मे गावांत जत्रा असतात. रेकॉर्डर घ्या, ज्यांचं गाणं घ्याल त्यांना आधी विचारा, आणि जा.